अणुकेंद्रावरील सायबर हल्ल्याची बातमी कशी तपासावी

एखाद्या अणुकेंद्रावर परकीय सरकारच्या पाठबळाने काम करणाऱ्या हॅकर गटाने हल्ला केल्याची बातमी येते, तेव्हा तिच्यासोबत बहुधा दोन विधाने येतात. मथळा सांगतो की अणुभट्टी हॅक झाली, आणि संबंधित संस्थेचे निवेदन सांगते की कोणताही धोका नाही. पुरेशा तपशिलासह उघड झालेली आजवरची प्रकरणे पाहिली, तर या दोन्ही विधानांनी वाचकाची दिशाभूलच अधिक केलेली दिसते. हल्लेखोर नेमका कुठवर पोहोचला, या एका प्रश्नाच्या उत्तरावर जवळजवळ सारे काही अवलंबून असते. हे उत्तर उघड माहितीतून कसे शोधावे, ते येथे मांडले आहे. त्यासाठी अभियांत्रिकीचे शिक्षण लागत नाही. मात्र प्रश्न ठरावीक क्रमाने विचारावे लागतात आणि उत्तर मिळेपर्यंत मत राखून ठेवावे लागते.

हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक बातम्या ‘कोणी केले’ येथून सुरू होतात. देशाचे नाव आले की चर्चा राजकारणाकडे वळते आणि केंद्राच्या सुरक्षिततेचा मुद्दा मागे पडतो. म्हणून ‘कोणी’ हा प्रश्न शेवटी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी सुविधा कोणती ते पाहावे, मग कोणत्या नेटवर्कमध्ये शिरकाव झाला ते, मग तेथे काय केले गेले ते, आणि त्यानंतरच हल्लेखोराच्या ओळखीकडे वळावे.

सुविधा कोणती आहे?

‘अणुकेंद्र’ या एकाच शब्दाखाली अतिशय भिन्न जागा येतात. इराणमधील नतांझ येथे युरेनियमचे समृद्धीकरण होत असे. तेथे अणुभट्टी नव्हती, त्यामुळे तेथील यंत्रे मोडली तरी भट्टी वितळण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. ब्रिटनमधील सेलाफील्ड येथे किरणोत्सारी कचरा आणि वापरलेले इंधन साठवले जाते. दक्षिण कोरियात २०१४ साली ज्या कोरिया हायड्रो अँड न्यूक्लिअर पॉवरवर हल्ला झाला ती वीजकेंद्रे चालवणारी कंपनी आहे, आणि तिच्या कार्यालयीन संगणकांतून कागदपत्रे चोरली गेली. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्स प्रकरणात, म्हणजे त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून अनेक संस्थांत झालेल्या शिरकावात, ज्या नॅशनल न्यूक्लिअर सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशनचे नाव आले, ती अण्वस्त्रांच्या साठ्याची देखरेख करणारी संस्था आहे. या चारही ठिकाणांवरील हल्ल्यांच्या बातम्यांचे मथळे सारखेच दिसू शकतात, परंतु तेथे संभवणारी हानी एकसारखी नाही. बातमीत सुविधेचे नाव आणि तिचे काम स्पष्ट नसेल तर पुढे वाचण्यापूर्वी तेवढे शोधून घ्यावे.

शिरकाव कोणत्या नेटवर्कमध्ये झाला?

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. अणुवीजकेंद्रातील संगणक व्यवस्था ढोबळमानाने काही स्तरांत विभागलेली असते. सर्वांत बाहेर कार्यालयीन नेटवर्क असते, ज्यावर ईमेल, खरेदी, पगार आणि कर्मचाऱ्यांच्या नोंदी चालतात आणि जे इंटरनेटला जोडलेले असते. त्याच्या आत केंद्राच्या कामाची आकडेवारी गोळा करून दाखवणारे संगणक असतात. त्याच्याही आत पंप, झडपा आणि टर्बाइन चालवणारी नियंत्रण यंत्रणा असते. आणि सर्वांत आत, शक्य तितकी स्वतंत्र ठेवलेली, भट्टीची संरक्षण यंत्रणा असते, जिचे काम धोक्याची चिन्हे दिसताच भट्टी बंद करणे एवढेच आहे. आतल्या स्तरातून बाहेर माहिती जावी पण बाहेरून आत आज्ञा येऊ नये, यासाठी अनेक ठिकाणी डेटा डायोड नावाचे उपकरण बसवतात. त्यात माहिती एकाच दिशेने पाठवण्याची भौतिक व्यवस्था असते, त्यामुळे उलट दिशेने संदेश जाण्यास मार्गच उरत नाही. फायरवॉल, म्हणजे येणारी-जाणारी माहिती गाळणारी व्यवस्था, मात्र सॉफ्टवेअरच्या नियमांवर चालते, आणि नियम चुकीचे लिहिले जाऊ शकतात किंवा बदलले जाऊ शकतात. म्हणूनच निवेदनात ‘नेटवर्क वेगळे आहे’ असे लिहिलेले असेल, तर ते कशाने वेगळे केले आहे हा लगेचचा पुढचा प्रश्न असतो.

तमिळनाडूतील कुडनकुलम केंद्राचे प्रकरण या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखे आहे. २८ ऑक्टोबर २०१९ रोजी डीट्रॅक नावाच्या मालवेअरचा (घातक सॉफ्टवेअरचा) एक नमुना समाजमाध्यमांवर चर्चेत आला आणि त्याचा संबंध या केंद्राशी जोडला गेला. २९ ऑक्टोबरला केंद्राने निवेदन काढले की नियंत्रण यंत्रणा बाहेरच्या नेटवर्कला किंवा इंटरनेटला जोडलेली नाही, त्यामुळे तिच्यावर सायबर हल्ला शक्यच नाही. दुसऱ्याच दिवशी केंद्र चालवणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने मान्य केले की आपल्या यंत्रणेत मालवेअर सापडल्याचे वृत्त खरे आहे, सायबर घटनांवर लक्ष ठेवणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने ४ सप्टेंबर २०१९ रोजीच त्याची सूचना दिली होती, आणि बाधित संगणक प्रशासकीय कामासाठीच्या, इंटरनेटला जोडलेल्या नेटवर्कवरील एका वापरकर्त्याचा होता. दोन्ही निवेदने शेजारी ठेवून वाचली तर लक्षात येते की पहिल्यातले विधान खोटे असेलच असे नाही; ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर होते. लोक विचारत होते की केंद्रात शिरकाव झाला का, आणि उत्तर मिळाले की नियंत्रण यंत्रणेत शिरकाव होऊ शकत नाही. वाचकाने प्रत्येक निवेदनात ही तफावत शोधावी. शिवाय सूचना सप्टेंबरच्या सुरुवातीला मिळाली आणि जनतेला ती ऑक्टोबरच्या अखेरीस, तीही बातमी फुटल्यावर कळली, ही नोंद तांत्रिक तपशिलाइतकीच महत्त्वाची आहे.

याच प्रकरणात आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. १९ ऑक्टोबर २०१९ रोजी कुडनकुलमचे दुसरे युनिट बंद पडले होते, आणि मालवेअरची बातमी येताच अनेकांनी हा बंद हल्ल्याशी जोडला. बंद पडण्याचे कारण वाफ जनित्रातील पाण्याची पातळी कमी होणे असे नोंदवले गेले होते, आणि हल्ल्याशी त्याचा संबंध दाखवणारा पुरावा पुढे आलेला नाही. मोठी वीजकेंद्रे वेगवेगळ्या कारणांनी अधूनमधून बंद होत असतात. दोन घटना जवळच्या तारखांना घडल्या एवढ्यावरून एकीला दुसरीचे कारण ठरवू नये.

मात्र ‘नेटवर्क वेगळे आहे’ हे वाक्य वाचून निश्चिंतही होऊ नये. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी केंद्रात जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर हा वर्म (आपोआप पसरणारे मालवेअर) शिरला, तो एका कंत्राटदाराच्या जोडणीतून, जी केंद्राच्या फायरवॉलला वळसा घालून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येत होती. तेथून तो केंद्राच्या नेटवर्कवर पसरला आणि सुरक्षिततेची परिमाणे दाखवणारी संगणकीय व्यवस्था जवळजवळ पाच तास बंद राहिली. सुदैवाने भट्टी दुरुस्तीमुळे आधीच बंद होती आणि जुनी अॅनालॉग उपकरणे शाबूत होती. ज्या त्रुटीचा फायदा वर्मने घेतला तिची दुरुस्ती सहा महिन्यांपासून उपलब्ध होती. या घटनेमागे कोणतेही सरकार नव्हते आणि वर्मला हे अणुकेंद्र आहे याची कल्पनाही नव्हती; तरीही भिंतीतली वाट कशी असते ते तिने दाखवले. मार्च २००८ मध्ये अमेरिकेच्याच जॉर्जिया राज्यातील हॅच केंद्रात तर हल्लाही नव्हता. कार्यालयीन नेटवर्कवरील एका संगणकावर अद्ययावत सॉफ्टवेअर टाकले गेले, तो पुन्हा सुरू होताना नियंत्रण यंत्रणेतील काही आकडे पुसले गेले, सुरक्षा यंत्रणेने त्याचा अर्थ पाणी कमी झाले असा घेतला आणि भट्टी आपोआप बंद झाली. कार्यालय आणि केंद्र यांच्यात दुहेरी संवाद चालू होता, हे कित्येकांच्या लक्षात त्या दिवशी आले.

वाट केवळ तारेचीच असते असेही नाही. जर्मनीतील गुंड्रेमिंगेन केंद्रात २०१६ साली रॅमनिट आणि कॉनफिकर ही जुनी मालवेअर इंधनदांड्या हलवणाऱ्या यंत्राशी संबंधित एका संगणकावर आणि काही पेन ड्राइव्हवर आढळली. तो संगणक इंटरनेटला जोडलेला नव्हता, त्यामुळे त्या मालवेअरला आपल्या धन्याशी संपर्क साधता आला नाही. पण ते आत मात्र पोहोचले होते. नतांझलाही तेथील यंत्रे बिघडवणारे स्टक्सनेट हे मालवेअर पोहोचले ते अशाच, इंटरनेटपासून तुटलेल्या जागी, हाताने नेता येणाऱ्या साधनांच्या वाटेने. त्यामुळे बातमी तपासताना तीन गोष्टी मुद्दाम शोधाव्यात: उत्पादक कंपनीचे तंत्रज्ञ आपले लॅपटॉप आत कसे आणतात, पेन ड्राइव्हची तपासणी कुठे होते, आणि दूरस्थ दुरुस्तीसाठी जोडणी ठेवली आहे का. निवेदनात यांचा उल्लेख क्वचितच असतो, पण नियामकाच्या किंवा न्यायालयाच्या कागदांत तो पुष्कळदा सापडतो.

आत शिरून काय केले?

शिरकावाचा हेतू माहिती चोरणे हा होता की यंत्र बिघडवणे हा होता, हे मालवेअरच्या क्षमतेवरून बरेचसे कळते. डीट्रॅक हे पाळतीचे साधन आहे: ते कळफलकावर दाबलेल्या कळा नोंदवते, ब्राउझरचा इतिहास, चालू प्रक्रिया, नेटवर्कचे पत्ते आणि फायलींच्या याद्या गोळा करते. कुडनकुलमशी जोडलेल्या नमुन्यात केंद्राच्या अंतर्गत नेटवर्कशी संबंधित नाव आधीच लिहून ठेवलेले होते, असे अभ्यासकांनी दाखवले. म्हणजे तो नमुना बनवणाऱ्याला या जागेची काही माहिती आधीपासून होती, आणि मालवेअर योगायोगाने तेथे आले असे म्हणणे कठीण होते.

चोरी झाली म्हणजे फार काही झाले नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नये, आणि याचे कारण स्टक्सनेटच्या रचनेतच आहे. जून २०१० मध्ये बेलारूसमधील एका अँटिव्हायरस कंपनीला सापडलेले हे मालवेअर सीमेन्सच्या ठरावीक नियंत्रकांवर, ठरावीक मांडणी दिसली तरच सक्रिय होत असे. आयआर-१ सेंट्रीफ्यूज (युरेनियम समृद्ध करणारी, वेगाने फिरणारी यंत्रे) १६४ च्या साखळीत मांडलेले असतात हे त्याला माहीत होते; फिनलंड आणि इराणमधील दोनच उत्पादकांचे वारंवारता बदलणारे संच ते शोधत होते. जुळणी झाल्यावर ते सेंट्रीफ्यूजला वीज देणाऱ्या संचाची वारंवारता, जिच्यावर फिरण्याचा वेग ठरतो, १०६४ हर्ट्झवरून १४१० वर नेत असे, आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या टप्प्यात २ हर्ट्झपर्यंत खाली आणत असे. त्याच्या एका रूपात तर बिघाड लक्षात येऊ नये म्हणून नेहमीच्या कामकाजाची आकडेवारी आधी नोंदवून ठेवून ती यंत्रणेला पुन्हा पुन्हा दाखवण्याची सोय होती. सुमारे एक हजार सेंट्रीफ्यूज २००९ च्या अखेरीपासून २०१० च्या सुरुवातीपर्यंतच्या काळात बदलावे लागले असा स्वतंत्र अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढी अचूक माहिती असल्याखेरीज असा हल्ला रचता येत नाही. आज कार्यालयीन संगणकातून गेलेले आराखडे, कंत्राटदारांची नावे आणि देखभालीची वेळापत्रके ही अशाच रचनेची सामग्री असतात. म्हणून ‘फक्त प्रशासकीय माहिती गेली’ असे वाक्य दिसले की कोणती प्रशासकीय माहिती, असे विचारावे.

चोरलेल्या कागदांचा दुसरा उपयोग भीती पसरवण्यासाठी होतो. डिसेंबर २०१४ मध्ये दक्षिण कोरियातील त्या कंपनीवरील हल्लेखोरांनी स्वतःला अणुविरोधी कार्यकर्ते म्हणवत केंद्रांचे आराखडे आणि माहितीपुस्तिकांतील पाने टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केली आणि नाताळपर्यंत तीन भट्ट्या बंद करा, नाहीतर परिणाम भोगा, अशी धमकी दिली. नाताळ आला आणि गेला. भट्ट्या चालूच राहिल्या. मार्च २०१५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सरकारी वकिलांनी उत्तर कोरियावर ठपका ठेवला, जो त्या देशाने नाकारला. अशा प्रसंगी सामान्य वाचकाच्या हातात एक गोष्ट निश्चित असते: फुटलेली कागदपत्रे पुढे पाठवू नयेत. ती पसरवणे हाच हल्ल्याचा अर्धा भाग असतो.

भट्टीला खरोखर काय होऊ शकते?

येथे थोडे भौतिकशास्त्र समजून घेणे हिताचे ठरते, कारण भीती आणि आश्वासन दोन्ही याच अज्ञानावर पोसली जातात. दाबयुक्त पाण्याच्या बहुतेक भट्ट्यांत नियंत्रणदांड्या विद्युतचुंबकांनी वर धरलेल्या असतात. वीज गेली किंवा संरक्षण यंत्रणेने ती तोडली की त्या स्वतःच्या वजनाने खाली पडतात आणि विखंडनाची साखळी थांबते. अनेक रचनांत एकाच परिमाणाचे मोजमाप चार स्वतंत्र वाहिन्यांतून होते आणि त्यांपैकी दोन वाहिन्यांनी धोका दाखवला तरी भट्टी बंद होते. एखाद्या कार्यालयीन संगणकावरून कोणी भट्टीचा स्फोट घडवेल, ही कल्पना या व्यवस्थेशी जुळत नाही.

परंतु भट्टी बंद झाली म्हणजे उष्णता थांबली असे होत नाही. बंद होण्याच्या क्षणी इंधनातील किरणोत्सारी घटक पूर्ण औष्णिक शक्तीच्या सहा ते सात टक्के उष्णता देत असतात; तासाभराने ती दीड टक्क्याच्या आसपास येते आणि दिवसभरानंतरही अर्धा टक्का उरते. ३००० मेगावॉट औष्णिक शक्तीच्या भट्टीत अर्धा टक्का म्हणजे १५ मेगावॉट. ही उष्णता वाहून नेण्यासाठी पंप हवेत आणि पंपांना वीज हवी. फुकुशिमा येथे २०११ साली भूकंपाने बाहेरचा वीजपुरवठा तुटला, त्सुनामीने डिझेल जनित्रे बुडवली, आणि भट्ट्या व्यवस्थित बंद होऊनही इंधन वितळले. युक्रेनमधील झापोरिझ्झिया केंद्राने २०२२ पासून युद्धामुळे बाहेरचा वीजपुरवठा अनेकदा पूर्णपणे गमावला आहे. या दोन्ही घटना सायबर हल्ल्याच्या नाहीत. पण सायबर हल्ल्याची बातमी वाचताना केंद्राबाहेरची वीजवाहिनी, उपकेंद्र आणि डिझेल जनित्रांची नियंत्रणे यांकडे का पाहावे, ते त्या सांगतात. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील वीजवितरण कंपन्यांवर झालेल्या हल्ल्याने सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज काही तास गेली होती. वीजजाळ्यात हल्लेखोर आहे ही बातमी अणुसुरक्षेचीही बातमी असते, जरी तिच्यात ‘अणु’ हा शब्द आला नसला तरी.

आणखी एका घटनेमुळे तज्ज्ञांची चिंता वाढली. ऑगस्ट २०१७ मध्ये सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन कारखान्यात ट्रायटन नावाचे मालवेअर सापडले, आणि त्याचे लक्ष्य होते ट्रायकोनेक्स ही सुरक्षा यंत्रणा, म्हणजे धोक्याच्या वेळी कारखाना बंद करणारीच व्यवस्था. हल्लेखोरांच्या चुकीमुळे यंत्रणेने कारखाना बंद केला आणि तपास सुरू झाला. तो कारखाना अणुकेंद्र नव्हता, पण शेवटची संरक्षक पायरी हेच लक्ष्य ठरवणारे लोक अस्तित्वात आहेत, हे तेथे प्रथमच उघड झाले. त्यामुळे बातमीत सुरक्षा किंवा संरक्षण यंत्रणेचा उल्लेख असेल, तर ती बातमी सर्वांत गंभीर समजावी, मग तेथे प्रत्यक्ष नुकसान झालेले नसले तरी.

आता हल्लेखोराकडे

एकाच गटाला अनेक नावे असतात, कारण प्रत्येक सुरक्षा कंपनी आपली नावे ठेवते. उत्तर कोरियाशी जोडल्या जाणाऱ्या लॅझरस गटाला अमेरिकी सरकार हिडन कोब्रा म्हणत आले आहे आणि मायक्रोसॉफ्ट डायमंड स्लीट. रशियाच्या एफएसबी या गुप्तचर संस्थेशी जोडला जाणारा गट ड्रॅगनफ्लाय, एनर्जेटिक बेअर आणि बर्झर्क बेअर या नावांनी ओळखला जातो. दोन बातम्यांत दोन नावे दिसली म्हणजे दोन गटांनी हल्ला केला असे नसते.

ठपका कशाच्या आधारावर ठेवला आहे ते पाहावे. मालवेअरचा काही भाग आधीच्या मालवेअरसारखा आहे, एवढाच आधार असेल तर तो दुर्बळ समजावा. २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकवरील हल्ल्यात वापरलेल्या मालवेअरमध्ये लॅझरसकडे बोट दाखवणाऱ्या खुणा मुद्दाम पेरलेल्या होत्या. पुढे अमेरिकेने त्याबद्दल रशियन लष्करी गुप्तचर अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल केले. अनेक सरकारांच्या संस्थांनी मिळून काढलेले तांत्रिक निवेदन अधिक वजनाचे असते. न्यायालयातील आरोपपत्रात तारखा, व्यक्ती आणि पद्धती असतात, म्हणून ते आणखी उपयुक्त असते, तरी ते आरोपपत्रच असते आणि आरोपी बहुधा न्यायालयासमोर आलेले नसतात, हे विसरू नये. आणि काही वेळा सर्वदूर मानले जाणारे उत्तरही अधिकृतपणे कधीच मान्य होत नाही: स्टक्सनेट अमेरिका आणि इस्रायल यांचे काम होते असे सर्वत्र मानले जाते, पण दोन्ही सरकारांनी ते कबूल केलेले नाही.

सरकारने बनवलेले शस्त्र नेहमी त्याच्या लक्ष्यावरच पडते असेही नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हे मालवेअर युक्रेनभर पसरले तेव्हा चेर्नोबिल येथील संगणक बंद करावे लागले आणि किरणोत्साराची मोजणी कर्मचाऱ्यांना हाताने करावी लागली. अमेरिका आणि ब्रिटनने त्याबद्दल रशियन लष्कराला जबाबदार धरले, पण चेर्नोबिल हे त्या हल्ल्याचे खास लक्ष्य होते असे दाखवणारे काही नाही.

निवेदनाची भाषा

‘पुरावा आढळला नाही’ या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे. नोंदी ठेवल्या होत्या का, किती महिन्यांच्या, आणि त्या कोणी तपासल्या, यावर या शब्दांची किंमत ठरते. डिसेंबर २०२३ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने सेलाफील्डमध्ये परकीय हॅकर शिरल्याचे वृत्त दिले; सरकारने आणि सेलाफील्डने ते नाकारले. पण २०१९ ते २०२३ या काळातील माहिती-सुरक्षेच्या नियमभंगाबद्दल नियामकाने सेलाफील्डवर खटला भरला, कंपनीने गुन्हा कबूल केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला ३,३२,५०० पाउंड दंड झाला. त्रुटींचा कोणी फायदा घेतल्याचा पुरावा नाही, असे नियामकानेही म्हटले. म्हणजे हल्ला सिद्ध झाला नाही आणि दुर्लक्ष सिद्ध झाले. जबाबदार वाचकाने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नोंदवाव्यात.

सुरुवातीचा नकार अंतिम मानू नये. दक्षिण कोरियाच्या अणुऊर्जा संशोधन संस्थेत मे २०२१ मध्ये व्हीपीएनमधील, म्हणजे बाहेरून नेटवर्कला जोडून घेण्याच्या व्यवस्थेतील, त्रुटीतून शिरकाव झाला. जूनमध्ये एका खासदाराने तो उघड केला, संस्थेने आधी असा प्रकार घडल्याचे नाकारले आणि मग माफी मागितली. कुडनकुलमच्या दोन निवेदनांशी हे किती जुळते, ते सहज दिसते.

दुसरीकडे, प्रत्येक मौन लपवाछपवी समजणेही चुकीचे ठरेल. यंत्रणेची मांडणी आणि दुरुस्त न झालेल्या त्रुटी गुप्त राहणे केंद्राच्या हिताचे असते, आणि असा तपशील मागणारा नागरिक नकळत हल्लेखोराचेच काम करतो. मागावे ते वेगळे: शिरकाव कधी झाला, कधी कळला, कोणी कळवला, कोणत्या स्तरातील नेटवर्क बाधित झाले, तपास केंद्राबाहेरच्या संस्थेने केला का, आणि नियामकाला किती वेळात सांगितले. यांपैकी एकही गोष्ट सांगितल्याने सुरक्षा कमी होत नाही. अमेरिकेत २००९ पासून अणुकेंद्रांना सायबर सुरक्षा आराखडा बंधनकारक आहे आणि २०१५ च्या नियमानुसार घटनेच्या गांभीर्याप्रमाणे एक, चार किंवा आठ तासांत नियामकाला कळवावे लागते. भारतात सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनी सायबर घटना कळवण्यासाठी सहा तासांची मर्यादा घातली आहे. घटना ज्या देशातली असेल तेथील मुदत शोधावी आणि उघड झालेल्या तारखांशी ती ताडून पाहावी.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने काही म्हटले नाही यावरूनही निष्कर्ष काढू नये. ती मार्गदर्शक पुस्तिका काढते, विनंती आल्यास सल्लागार पथक पाठवते; पण केंद्राच्या सुरक्षेची जबाबदारी त्या त्या देशाची असते आणि तिची सक्तीने तपासणी करण्याचा अधिकार संस्थेला नाही. तसेच शून्य ते सात अशी अणुघटनांची जी परिचित श्रेणी आहे, ती किरणोत्सार आणि सुरक्षा-अडथळ्यांची स्थिती मोजते. कागद चोरीला जाणे किंवा नेटवर्कमध्ये कोणी महिनोन्महिने दबा धरून बसणे तिच्यात मोजले जात नाही.

पाठपुरावा

अशा बातम्यांचा खरा तपशील अनेक वर्षांनी बाहेर येतो, म्हणून पहिल्या आठवड्यात ठाम मत बनवण्याऐवजी एक टिपण ठेवावे: सुविधेचे नाव, बाधित नेटवर्क, निवेदनातील नेमके शब्द, तारखा, आणि अनुत्तरित राहिलेले प्रश्न. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील वुल्फ क्रीक केंद्राच्या कंपनीवर २०१७ साली हल्ला झाला तेव्हा एवढेच कळले होते की अभियंत्यांना नोकरी अर्जासारखे दिसणारे ईमेल पाठवले गेले आणि कार्यालयीन नेटवर्क बाधित झाले. एफएसबीच्या तीन अधिकाऱ्यांवरील आरोपपत्र मार्च २०२२ मध्ये खुले झाले तेव्हा समजले की त्याच मोहिमेत ५०० हून अधिक कंपन्या आणि संस्थांतील ३,३०० हून अधिक लोकांना असे ईमेल गेले होते, आणि त्यांत अमेरिकेचा अणुनियामकही होता. २०१७ चे टिपण ज्याच्याजवळ असेल त्याला २०२२ चा कागद पाहून तेव्हाच्या प्रत्येक वाक्याची पारख करता येते. नियामकाचे वार्षिक अहवाल, संसदेतील प्रश्नोत्तरे, लेखापरीक्षकांचे अहवाल आणि न्यायालयीन कागद या चार ठिकाणी वर्षातून एकदा तरी त्या सुविधेचे नाव शोधावे, आणि जे सापडेल ते टिपणातील अनुत्तरित प्रश्नांसमोर तारखेसह लिहून ठेवावे.